उथळ पाण्याचे मोल

महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, माणसाने घातलेल्या बंधाऱ्यातून जन्माला आले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा उभा राहिला तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पुढच्या दशकांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. साठवण घटली, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तोटाच झाला. पण त्याच गाळातून बेटे वर आली, पाणी पसरट आणि उथळ झाले, पाणवनस्पती रुजल्या आणि हिवाळ्यात तलवार बदके, थापटे, चक्रवाक, क्रौंच इथे मुक्कामाला येऊ लागले. 1986 मध्ये अभयारण्य झाले, जानेवारी 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा जाहीर झाला. या साऱ्याची योजना कुणी आखली नव्हती. नांदूरला जे नकळत घडले ते समजून-उमजून, मोडलेल्या जागी घडवता येते का, आणि तसे घडवताना माणसालाही तिथे आनंदाने यायला जागा ठेवता येते का, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन म्हटले की डोळ्यांपुढे स्वच्छ, भरलेले तळे येते. या समजुतीपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण आपल्याकडची पुष्कळ चुकीची कामे तिच्यातून निघाली आहेत. पाणथळ जागेतला बहुतेक जीव खोल पाण्यात राहत नाही. तो राहतो काठाच्या त्या पट्ट्यात, जिथे पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत असते, जिथे ऊन तळापर्यंत पोचते आणि जिथून पाणी वर्षातून काही काळ मागे हटते. मागे हटलेल्या पाण्याखालचा चिखल उघडा पडतो, त्यातले बियाणे रुजते, अळ्या आणि कृमी पृष्ठभागाशी येतात. शेकाट्या जरा खोल पाण्यात पाय रोवून उभा राहतो, तुतारी कडेच्या ओल्या चिखलात चोच खुपसते, कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालतो. काही सेंटिमीटरच्या फरकाने पक्षी बदलतो. पहिल्या पावसात हाच पट्टा पुन्हा बुडतो तेव्हा मासे तिथल्या गवतात अंडी घालतात. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या शेतकऱ्याला हे चक्र सांगावे लागत नाही. धरणाचे पाणी उतरले की तो गाळपेर करतो आणि पाणी चढण्याआधी पीक काढून घेतो. चढणे आणि उतरणे हाच पाणथळ जागेचा श्वास आहे. तो थांबला की वर्षभर तुडुंब राहणारे तळेही ओस पडते.

या विषयाचा आवाका मोठा आहे. 1971 मध्ये इराणमधल्या रामसर गावी झालेल्या कराराने पाणथळ जागेची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली. दलदल, तळे, नदीकाठ, भातखाचर, मिठागर, खाडी, आणि ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्राचा भाग, सारे तिच्यात येते. आपल्याकडे पाहिले तर लोणारचे खारे विवर आहे, ठाण्याची खाडी आहे, कोकण-गोव्यातली खाजणे आहेत, विदर्भातले मामा तलाव आणि बोड्या नावाची छोटी तळी आहेत, उजनी आणि जायकवाडीचे फुगवटे आहेत. लोणार आणि ठाणे खाडी ही नांदूरनंतरची आपली दोन रामसर स्थळे. गोव्यात कुडचड्याजवळचे नंदा तळे 2022 मध्ये या यादीत आले. पावसाळ्यानंतर तिथे पाणी अडवून खालच्या भातशेतीला देतात. शेती, मासेमारी आणि पाखरे यांचे वेळापत्रक एकाच तळ्यावर जुळवलेले असे ठिकाण या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

पाणथळ जागा राखण्याचा विचार तुलनेने नवा आहे. कित्येक शतके जगभर दलदल म्हणजे रोगराई आणि वाया गेलेली जमीन असेच मानले गेले, आणि ती कोरडी करणाऱ्याचा गौरव झाला. इंग्लंडच्या पूर्व भागातला फेन प्रदेश असाच उपसला गेला. त्यातला विकेन फेनचा तुकडा 1899 पासून नॅशनल ट्रस्टने विकत घ्यायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाणपक्ष्यांची संख्या ढासळताना दिसली तेव्हा पीटर स्कॉट यांनी इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज इथे 1946 मध्ये पाणपक्ष्यांसाठी संस्था उभी केली, आणि 1962 च्या युरोपातल्या परिषदेतून पुढे रामसर कराराची वाट निघाली. भारत 1982 मध्ये या करारात सामील झाला. आज आपल्या देशात नव्वदहून अधिक रामसर स्थळे आहेत.

इथपासून आजवर पाच विचारधारा दिसतात. पहिलीचा मंत्र होता संरक्षण: जागा निवडा, सीमा आखा, माणूस बाहेर ठेवा. तिचे ऋण मोठे आहे. ती नसती तर पुनरुज्जीवन करायलाही काही उरले नसते. पण तिची मर्यादा भरतपूरने दाखवली. केवलादेव घना 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर घडले ते तज्ज्ञांच्या अपेक्षेच्या उलट. म्हशी ज्या गवतावर ताबा ठेवत होत्या ते पाण्यात माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाखरांची जागा कमी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने चराईचे हे काम कागदावर आणले. भरतपूरही मुळात माणसाने बांध घालून घडवलेली पाणथळ जागा आहे. तिथून माणूस आणि गुरे वजा केली तर निसर्ग उरत नाही, अर्धवट यंत्रणा उरते.

दुसरी विचारधारा पाण्यापासून सुरू होते. झाडे लावण्याआधी, पाखरे मोजण्याआधी, पाणी कुठून येते, किती काळ थांबते आणि कुठून जाते ते दुरुस्त करा, बाकीचे बरेचसे आपोआप होईल, असे ती म्हणते. फ्लोरिडातली किसिमी नदी 1962 ते 1971 या काळात पूरनियंत्रणासाठी सरळ करण्यात आली. 166 किलोमीटरच्या वळणावळणाच्या प्रवाहाचा 90 किलोमीटरचा कालवा झाला. पूरमैदान कोरडे पडले आणि हिवाळी बदके नाहीशी झाली. मग त्याच अभियंत्यांच्या खात्याला कालव्याचा काही भाग पुन्हा बुजवावा लागला. 1999 मध्ये सुरू झालेले बांधकाम 2021 मध्ये संपले आणि सुमारे 70 किलोमीटर नदी पुन्हा वळणे घेऊ लागली. नदी सरळ करायला एक दशक पुरले होते, तिचा एक भाग परत वळवायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

या विचारधारेचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण ओडिशातले चिलिका आहे. नद्यांच्या गाळाने समुद्राकडचे मुख दूर सरकत आणि अरुंद होत गेले, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातले तण पसरले आणि मासळी कोसळली. 1993 मध्ये रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत चिलिकाचे नाव गेले. सप्टेंबर 2000 मध्ये वाळूच्या पट्ट्यातून नवे मुख खोदले गेले. भरतीचे पाणी आत येऊ लागले, तण हटले, मासळी अनेक पटींनी वाढली आणि 2002 मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर पडले. एका ठिकाणी, अचूक निदानानंतर केलेल्या खोदकामाचा हा परिणाम होता. उलट बाजूला मणिपूरचे लोकताक आहे. 1983 च्या इथाई बंधाऱ्याने तिथली पातळी वर्षभर उंच ठेवली. पूर्वी उन्हाळ्यात तळाला टेकून पोषण घेणारे फुमदी, म्हणजे वनस्पतींचे तरंगते थर, टेकेनासे झाले, पातळ होत गेले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या संगाई हरणाच्या पायाखालची जमीनच विरळ झाली. लोकताकमध्ये पाणी भरपूर आहे, श्वास अडला आहे.

तिसरी विचारधारा भरपाईची. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस असे धोरण आले की विकासासाठी पाणथळ जागा बुजवायचीच असेल तर तेवढी दुसरीकडे तयार करून द्यावी. कागदावर हिशेब जुळतो. सॅन दिएगोच्या उपसागरात महामार्गाच्या कामाच्या बदल्यात अशी एक खारी दलदल बनवण्यात आली. पाणकोंबडीच्या कुळातल्या एका दुर्मिळ पक्ष्याने तिथे घरटे करावे, ही अट होती. त्याला हवे असलेले गवत लावले गेले, पण जमीन होती उपशाच्या वाळूची. तिच्यात नत्र टिकेना, गवत उंच होईना, आणि खुज्या गवतात पक्ष्याला घरटे लपवता येईना. खत घातले की गवत वाढे, थांबवले की पुन्हा खुजे. जॉय झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या या नोंदी आज या शास्त्राचा पायाभूत धडा मानल्या जातात. 2012 मध्ये जगभरातल्या 621 पुनरुज्जीवित किंवा नव्याने बनवलेल्या पाणथळ जागांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. शतकभरानंतरही त्यांतली जीवरचना मूळ जागांच्या तुलनेत सरासरी 26 टक्के कमी होती. म्हणून या पुस्तकाची एक ठाम भूमिका आहे: जिवंत पाणथळ जागा बुजवून दुसरीकडे नवी देण्याचे आश्वासन ही भरपाई मानता येत नाही. पुनरुज्जीवनाची खरी जागा आधीच मोडलेल्या ठिकाणी आहे.

चौथी विचारधारा निसर्गाच्या हाती सूत्रे देऊ पाहते. नेदरलँड्समध्ये 1968 मध्ये समुद्रातून मिळवलेल्या जमिनीवर कारखाने यायचे होते. ते येईपर्यंत तिथे ओस्टवार्डर्सप्लासेनची दलदल तयार झाली आणि हजारो कलहंस बोरूच्या बेटांत चरू लागले. पुढे रानटी गुरे, घोडे आणि लाल हरणे सोडण्यात आली. पण जागेला कुंपण होते, आणि कठोर हिवाळ्यात जनावरांना दुसरीकडे जाता येईना. 2017-18 च्या हिवाळ्यात ती हजारोंनी मेली, पुष्कळांना उपासमारीतून सोडवण्यासाठी गोळ्या घालाव्या लागल्या, आणि धोरण बदलावे लागले. निसर्गाला मोकळे सोडायचे तर मोकळीक किती मोठी हवी, हा प्रश्न तिथून सर्वांसाठी उभा राहिला.

पाचवी विचारधारा आपल्या मातीतली आहे, आणि तिला या पुस्तकात सर्वांत जास्त जागा मिळाली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी हजारो तलाव बांधले. 1950 च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे नाव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव पडले. देखभालीची जुनी व्यवस्था तुटली. पाळीवर आणि पात्रात बेशरम माजली, बाहेरून आणलेल्या माशांनी देशी मासे मागे सारले, आणि या तलावांवर जगणाऱ्या धीवर समाजाची मिळकत आटली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि धीवर स्त्री-पुरुषांनी अर्जुनी मोरगाव परिसरात उलटा प्रवास सुरू केला. तळ्यात कोणती वनस्पती कुठल्या माशाला खाद्य देते, कुठली अंड्यांना आसरा देते, हे ज्ञान धीवरांकडे होते. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परतले, त्यांच्यामागे पाखरे आली. खोल खोदाईने हे साधले नसते. मारुती चितमपल्लींच्या लेखनाने नवेगावबांधचा परिसर मराठी वाचकाच्या मनात घर करून आहे. त्याच पट्ट्यातले हे काम तितक्याच आस्थेने वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे. पुनरुज्जीवनाला शास्त्र म्हणून मराठी मुलुखात रुजवण्याचे श्रेय देताना पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्या प्रकाश गोळे यांचेही स्मरण केले पाहिजे.

आता लोकांच्या विरंगुळ्याचा प्रश्न. तो शेवटी आला असला तरी दुय्यम नाही. ज्या जागेशी माणसांचे नाते नाही ती जागा कायद्याने फार काळ वाचत नाही. लंडनच्या बार्न्स भागात चार जुने काँक्रीटचे जलाशय निकामी झाले तेव्हा ते फोडून चाळीसहून अधिक हेक्टरांवर तळी, बोरूची बने आणि चिखलपट्टे रचण्यात आले आणि 2000 मध्ये ती जागा लोकांसाठी खुली झाली. तिथे पाखरांची शांत जागा आणि माणसांच्या वाटा मुळातच वेगळ्या आखल्या आहेत. माणूस आडोशामागून जवळून पाहतो आणि पाखरू बिचकत नाही. बंगळुरूच्या कैकोंद्रहळ्ळी तळ्यावर रहिवाशांनी पालिकेबरोबर काम केले. फेरीची वाट केली, पण बेटे ठेवली, आसपासच्या लोकांना चारा कापायला मोकळीक ठेवली आणि मूर्ती विसर्जनासाठी वेगळे कुंड बांधले. चिलिकाकाठच्या मंगलाजोडीत एकेकाळचे पक्ष्यांचे शिकारी आज नावेतून पाखरे दाखवतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण आणि कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब पाहायला आलेल्यांना होडीतून नेतात, आणि गावात जेवणाखाणाची सोय उभी राहिली आहे. अशा ठिकाणी पाखरांचे हित गावाच्या पोटाशी जोडले जाते. होडी किती जवळ न्यावी, इंजिन कुठे बंद करावे, गर्दीच्या दिवशी किती होड्या सोडाव्यात, हे नियम मात्र त्याच गावांनी ठरवून पाळायला हवेत.

याउलट आपल्या शहरांत तळ्याच्या विरंगुळ्याला सुशोभीकरणाचा एकच साचा लागू झाला आहे. गाळ काढून तळे सगळीकडे सारखे खोल करायचे, कडेने उभी दगडी भिंत घालायची, भोवती फरशीची वाट, दिवे आणि मध्ये कारंजे. भिंतीने उथळ काठ संपतो, सारख्या खोलीने चिखलपट्टा संपतो, रात्रीच्या दिव्यांनी उरलेल्या पाखरांची झोप जाते. लोकांना फिरायला जागा मिळते, पण पाहायला जीव उरत नाही. आमचे म्हणणे असे की दोन्ही शक्य आहे, आणि पुष्कळदा कमी खर्चात. काठाचा एक भाग माणसांना द्यावा, बाकीचा उताराचा आणि मऊ ठेवावा, दिवे वाटेपुरते आणि खाली झुकलेले असावेत, आणि तळ्यात येणारे सांडपाणी सर्वांत आधी अडवावे.

हे पुस्तक आताच का? रामसर कराराच्या 2018 च्या जागतिक अहवालानुसार 1970 ते 2015 या काळात जगातल्या सुमारे 35 टक्के पाणथळ जागा नष्ट झाल्या. हा वेग जंगलतोडीच्या तिप्पट आहे. डिसेंबर 2022 मध्ये जगातल्या देशांनी 2030 पर्यंत बिघडलेल्या परिसंस्थांपैकी 30 टक्के पुनरुज्जीवनाखाली आणण्याचे ठरवले. आपल्याकडे इस्रोच्या नकाशाने सव्वादोन हेक्टरांवरच्या 2,01,503 पाणथळ जागा नोंदल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्यांना संरक्षण देण्याचे आदेश दिले. पण त्याच वर्षीच्या नियमांनी सिंचन, पिण्याचे पाणी, मीठ, मत्स्यशेती आणि करमणूक यांसाठी माणसाने बांधलेली तळी, तसेच भातखाचरे कक्षेबाहेर ठेवली. महाराष्ट्राच्या पाणथळ जागांतला फार मोठा वाटा नेमका याच यादीत बसतो. नांदूरसारखी जागा अभयारण्य म्हणून वाचली, तिच्यासारख्या शेकडो जागांना ते कवच नाही.

तोटा कसा होतो ते नवी मुंबईत दिसते. ठाणे खाडीतले रोहित ओहोटीला चिखलपट्ट्यावर चरतात, पण भरतीला चिखल बुडाला की त्यांना काठच्या उथळ तळ्यांत विसावा लागतो. खाडी रामसर स्थळ आहे, ती तळी मात्र नाहीत. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तळे सुकले आणि पाखरांचा आसरा गेला. नागरिकांनी आवाज उठवला, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. जागा राखीव झाली तरी भरतीचे पाणी आत-बाहेर खेळते राहणे हीच तिची खरी परीक्षा राहील.

शिवाय गावोगाव आज तलावांवर पैसा खर्च होत आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आणि अमृत सरोवर या योजनांतून गाळ निघतो, शेताला सुपीक माती मिळते, आणि हे चांगलेच आहे. पण यंत्र कुठे थांबवायचे हे कुणी सांगितले नाही तर ते काठही खरवडून नेते. निधी आहे, यंत्रे आहेत, इच्छाही आहे. उथळ पाण्याची समज त्यांच्याबरोबर गेली नाही, तर पाणी वाढेल आणि पाणथळ जागा घटतील.

या पुस्तकात सर्वत्र लागू पडेल असा एक आराखडा वाचकाला मिळणार नाही, कारण खाजणाचे गणित बोडीला लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक जागेला विचारायचे प्रश्न दिले आहेत: पाणी पूर्वी कसे चढत-उतरत होते, आता काय अडले आहे, इथून कुणाची उपजीविका चालते, आणि दहा वर्षांनी मोजमाप कोण ठेवणार आहे. यशाइतकीच जागा फसलेल्या कामांना दिली आहे. निवड दख्खन, विदर्भ आणि कोकण-गोव्याभोवती ठेवली आहे, परदेशातली उदाहरणे आली आहेत ती तिथून शिकण्यासारखे काही आहे म्हणून. लेखन करताना आमच्यासमोर सरपंच, पालिकेतले अभियंते, मच्छीमार संस्थांचे सदस्य, शिक्षक आणि पक्षीनिरीक्षक होते. त्यांच्यापैकी कुणालाही शब्दकोश उघडावा लागू नये, असा प्रयत्न आहे.

वाचकाला एकच विनंती. आपल्या गावच्या किंवा प्रभागातल्या तळ्याला ऐन उन्हाळ्यात आणि ऐन पावसाळ्यात भेट द्या, पाणी कुठवर उतरते आणि कुठवर चढते याच्या खुणा नोंदवून ठेवा. मग तळ्याच्या कामाचा आराखडा मंजुरीला येईल तेव्हा ती नोंद घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा, या दोन खुणांमधली जमीन कामानंतर किती उरणार आहे? उत्तर मिळेपर्यंत आराखड्याला संमती देऊ नका.